फ्रेंच भूतकाळ : घडले, घडत होते आणि घडायचे होते

फ्रेंच भाषेच्या व्याकरणाशी कामगार चळवळीतल्या माणसाचा काय संबंध, असा प्रश्न विषयाचे नाव ऐकताच पुष्कळांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आम्ही आरंभीच देतो. १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे तिची पहिली परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी त्या परिषदेला गेले होते. संघटनेचे पहिले प्रमुख आल्बेर तोमा हे फ्रेंच होते, आणि तिच्या करारांचे फ्रेंच व इंग्रजी मसुदे सारखेच प्रमाण मानले जातात. कामाचे तास, रात्रपाळी, अपघाताची भरपाई यांविषयीची जी भाषा जगभरच्या कायद्यांत उतरली, तिचे एक मूळ असे फ्रेंचमध्ये आहे. ते मूळ ज्याला वाचावयाचे असेल, त्याला फ्रेंच क्रियापदाची ओळख करून घ्यावीच लागते.

दुसरे कारण याहून जवळचे आहे. कामगार संघटनेत तक्रारअर्ज आणि जबान्या लिहिण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना एका गोष्टीचा अनुभव पदोपदी येतो. कामगाराने यंत्रात हात घातला, 'तेव्हा यंत्र बंद पडत होते' असे साक्षीदार म्हणाला, 'तेव्हा यंत्र बंद पडले' असे म्हणाला, की 'तेव्हा यंत्र बंद पडले होते' असे म्हणाला, यावर सारी चौकशी फिरते. पहिल्या वाक्यात हात घातला त्या वेळी चाक अजून फिरत आहे. दुसऱ्यात हात घातल्यावर ते थांबले. तिसऱ्यात ते आधीच थांबलेले आहे. मग इजा झाली असेल, तर ते पुन्हा कोणी चालू केले, हा प्रश्न उभा राहतो. तिन्ही गोष्टी भूतकाळातल्याच आहेत, एकाच दुपारच्या आहेत, एकाच मिनिटाच्याही असतील. पण जबाबदारी तिन्हींत वेगवेगळ्या माणसांकडे जाते.

फ्रेंच भाषा हाच भेद क्रियापदाच्या रूपात ठेवते. फ्रेंच भूतकाळ शिकताना बहुतेक माणसे 'ही गोष्ट केव्हा घडली?' असा प्रश्न विचारतात आणि अडखळतात. विचारावयाचा प्रश्न असा : बोलणारा त्या गोष्टीकडे ती चालू असताना पाहत आहे, की ती पुरी झालेली पाहत आहे? एवढा एक प्रश्न हाती धरला, तर पुष्कळशी अडचण दूर होते. आपल्याकडे फ्रेंच शिकविले जाते ते बहुधा इंग्रजीच्या वाटेने. इंग्रजीचा साधा भूतकाळ 'वर्क्ड' एवढ्या एका रूपात 'काम केले' आणि 'काम करीत असे' या दोन्ही गोष्टी सांगून मोकळा होतो. मराठी तसे करीत नाही. म्हणून आमचे सांगणे असे, की मराठी माणसाने फ्रेंच भूतकाळाकडे थेट मराठीतून जावे. जेथे मराठी आपल्याला चकवते, ती ठिकाणेही आम्ही पुढे सांगणार आहोत.

चार भूतकाळांची ओळख

फ्रेंच शब्द येथे उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. अनुनासिक स्वरांसाठी चंद्रबिंदू किंवा अनुस्वार वापरला आहे, आणि 'ॲ'कडे झुकणाऱ्या 'ए'साठी अर्धचंद्र. नेमका उच्चार जाणकाराच्या तोंडूनच घ्यावा. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची पुष्कळ अक्षरे लिहिली जातात पण उच्चारली जात नाहीत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

नेहमीच्या वाचनात चार भूतकाळ भेटतात. पहिला 'अँपार्फॅ', या शब्दाचा अर्थच 'अपूर्ण' असा आहे, म्हणून त्याला आपण अपूर्ण भूत म्हणू. दुसरा 'पासे कोंपोझे', म्हणजे दोन शब्द जोडून होणारा, संयुक्त भूत. तिसरा 'प्ल्यु-क-पार्फॅ', शब्दशः 'पूर्णाहून पूर्ण'. एका भूतकालीन गोष्टीच्याही आधी घडलेले तो सांगतो, म्हणून तो पूर्वभूत. चौथा 'पासे सँप्ल'. तो आज मुख्यत्वे छापील पानावर आढळतो, म्हणून त्याला ग्रांथिक भूत म्हणू.

वर दिलेली यंत्राची तीन वाक्ये फ्रेंचमध्ये अशी होतात. 'ला माशीन सारेतॅ' म्हणजे यंत्र बंद पडत होते. हे अपूर्ण भूत. 'ला माशीन सॅ-तारेते' म्हणजे यंत्र बंद पडले. हे संयुक्त भूत. 'ला माशीन सेतॅ-तारेते' म्हणजे यंत्र बंद पडले होते, हे पूर्वभूत. तिन्ही रूपे कानाला किती जवळची आहेत ते पाहा. घाईत ऐकणारा दुभाषी एकाच्या जागी दुसरे धरून बसला, तर साक्ष फिरते.

अपूर्ण भूत बनविणे सोपे आहे. वर्तमानकाळातील 'आम्ही'चे रूप घ्यावे, उदाहरणार्थ 'नू त्राव्हायों', म्हणजे आम्ही काम करतो. त्याचा शेवटचा 'ओं' काढावा आणि भूतकाळाचे प्रत्यय लावावेत. सहा रूपांपैकी चारांचा उच्चार एकच, 'त्राव्हायॅ'. सबंध भाषेत या नियमाला एकच क्रियापद अपवाद आहे, ते म्हणजे 'एत्र', असणे. संयुक्त भूत बनविताना 'आव्ह्वार' म्हणजे जवळ असणे, किंवा 'एत्र' म्हणजे असणे, यांपैकी एकाचे वर्तमानकाळी रूप घेऊन त्यापुढे कृदंत ठेवावयाचे. रूपे पाठ करण्यात पंधरवडा जातो. खरे कष्ट आहेत ते कोणते रूप कोठे वापरावे याचे.

अपूर्ण भूताची तीन कामे

मराठीत ज्यासाठी तीन वेगळ्या रचना आहेत, ती तीन कामे फ्रेंच अपूर्ण भूत एकटा करतो.

पहिले काम चालू क्रियेचे : 'ईल त्राव्हायॅ', तो काम करीत होता. दुसरे काम रीतीचे : 'तू ले मातँ, नू पार्तियों आ सी-झर', रोज सकाळी आम्ही सहाला निघत असू. आपल्या जुन्या पुस्तकांतील 'तो येई, बसे, बोले' हा रीतिभूतकाळ फ्रेंचमध्ये येथे येऊन बसतो. तिसरे काम स्थितीचे : 'लातेलिये एतॅ सोंब्र', कामाचे दालन अंधारे होते. तिन्हींत समान काय, तर बोलणारा त्या गोष्टीचा आरंभही दाखवीत नाही आणि शेवटही दाखवीत नाही. तो मधोमध उभा राहून पाहतो. याउलट 'स मातँ, नू सोम पार्ती आ सी-झर', आज सकाळी आम्ही सहाला निघालो, हे संयुक्त भूत. गोष्ट एकदा झाली आणि संपली.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. जे पुष्कळ दिवस चालले त्याला अपूर्ण भूत, आणि जे क्षणात उरकले त्याला संयुक्त भूत, असे विद्यार्थी मानतात. हे खरे नव्हे. १८७१ साली पॅरिसच्या कामकऱ्यांनी उभे केलेले कोम्यूनचे राज्य १८ मार्चच्या उठावापासून २८ मेपर्यंत टिकले. ते सांगताना फ्रेंच माणूस म्हणेल, 'ला कोम्यून आ द्युरे स्वासाँत-दूझ झूर', कोम्यून बहात्तर दिवस टिकली. दिवस बहात्तर असले तरी रूप संयुक्त भूताचेच, कारण आकडा सांगितला की दोन्ही टोके बांधली गेली. 'आम्ही वीस वर्षे काम केले' यातही तसेच : 'नू-झाव्हों त्राव्हाये व्हँ-ताँ'. मराठीतही आपण येथे 'काम केले' असेच म्हणतो. कालावधी लांब की आखूड हे पाहू नये, तो मोजून बंद केला आहे की नाही हे पाहावे.

एक इतिहास, दोन काळ

हे दोन काळ एका गोष्टीत एकत्र आले म्हणजे काय होते, हे १९३६ सालच्या फ्रान्सच्या उदाहरणाने पाहू. त्या वर्षी मे-जूनमध्ये लाखो फ्रेंच कामगार संपावर होते. ते कारखान्यांबाहेर न जाता आतच ठाण मांडून बसले होते. यंत्रे थांबलेली होती, आवारात गाणी चालत होती. हा सगळा भाग फ्रेंचमध्ये अपूर्ण भूतात जातो, कारण ही पार्श्वभूमी आहे. ७ जूनच्या रात्री पंतप्रधान लेओं ब्लुम यांच्या पुढाकाराने मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी मातिन्यों वाड्यात बसले आणि करार झाला. मजुरी सात ते पंधरा टक्के वाढली. २० जूनला पगारी रजेचा कायदा झाला आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळाली. २१ जूनला चाळीस तासांच्या आठवड्याचा कायदा झाला. हा भाग संयुक्त भूतात, किंवा इतिहासग्रंथ असेल तर ग्रांथिक भूतात जातो.

आता एकच वाक्य घ्या : 'काँ ले देलेगे ओं सीन्ये लाकोर, ले-झुव्रिये ओक्युपॅ ले-झ्युझीन'. प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या, तेव्हा कामगार कारखाने ताब्यात घेऊन बसलेले होते. 'ओक्युपॅ' हे अपूर्ण भूत आहे. त्याच्या जागी 'ओं-तोक्युपे' हे संयुक्त भूत घातले, तर अर्थ होईल, सह्या झाल्या आणि मग कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले. एका प्रत्ययाने इतिहास उलटा झाला. पहिल्या वाक्यात कामगारांच्या ताब्यामुळे मालक वाटाघाटीला आले असे दिसते. दुसऱ्यात करार होऊनही कामगारांनी दंगा केला असे दिसते. व्याकरण ही पंडितांची करमणूक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या दोन वाक्यांचा विचार करावा.

अर्थ पालटणारी क्रियापदे

काही क्रियापदांचा अर्थच या दोन काळांत निराळा भासतो. कोशात एकच शब्द आढळतो आणि वाचक गोंधळतो. 'झ साव्हॅ' म्हणजे मला ठाऊक होते. 'झे स्यू' म्हणजे मला कळले. क्रियापद एकच, 'साव्ह्वार', जाणणे. जाणण्याची स्थिती चालू होती असे म्हटले की 'ठाऊक होते'. जाणणे एका क्षणी घडले असे म्हटले की 'कळले'. व्यवस्थापनाला धोका 'ठाऊक होता' की अपघातानंतर 'कळला', या भेदावर भरपाईचे दावे उभे राहतात हे वेगळे सांगावयास नको. तसेच 'नू पूव्हियों पार्ले', आम्हांला बोलण्याची मुभा होती. पण बोललो की नाही हे कळत नाही. 'नू-झाव्हों प्यू पार्ले', आम्हांला बोलता आले, म्हणजे आम्ही बोललो.

सर्वांत महत्त्वाचे क्रियापद 'द्व्हार', म्हणजे कर्तव्य असणे, भाग पडणे. त्याची तीन रूपे शेजारी ठेवून पाहावीत. 'ला कोंपान्यी द्व्हॅ पेये' : कंपनीने पैसे द्यायचे होते. दिले की नाही, यावर वाक्य गप्प आहे. 'ला कोंपान्यी आ द्यू पेये' : कंपनीला पैसे द्यावे लागले. म्हणजे दिले. मात्र संदर्भ तसा असेल, तर याच वाक्याचा 'कंपनीने पैसे दिले असावेत' असा तर्काचा अर्थही होतो, तेव्हा मागचेपुढचे वाचून ठरवावे. 'ला कोंपान्यी ओरॅ द्यू पेये' : कंपनीने पैसे द्यायला हवे होते. म्हणजे दिले नाहीत. 'द्यायचे होते', 'द्यावे लागले', 'द्यायला हवे होते' या तीन मराठी रचना ज्याच्या तोंडात आहेत, त्याला ही तीन फ्रेंच रूपे समजावयास अर्धा तास पुरे.

अपूर्ण भूताचे आणखी दोन उपयोग येथेच सांगून टाकतो, कारण मराठीत त्यांची जोड मिळते. 'झ वूलॅ वू द्माँदे' याचा शब्दशः अर्थ 'मला आपणांस विचारावयाचे होते' असा. इच्छा आताची आहे, तरी रूप भूतकाळाचे. तसे केल्याने बोलणे मृदू होते. आपणही साहेबांच्या खोलीत शिरताना 'जरा विचारायचं होतं' असेच म्हणतो. दुसरा उपयोग असा : 'यून मिन्युत द प्ल्युस, ए ला शोदियॅर सोतॅ'. आणखी एक मिनिट, आणि बॉयलर उडालाच होता! प्रत्यक्षात बॉयलर उडालेला नाही. ज्याला हा उपयोग माहीत नाही तो 'बॉयलर उडत होता' असे भाषांतर करील, आणि न घडलेला स्फोट कागदावर घडेल.

मराठी कोठे चकवते

आतापर्यंत मराठीने साथ दिली. पूर्वभूताच्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. 'काल संध्याकाळी मी सभेला गेलो होतो' असे आपण सहज म्हणतो. त्यात नंतरची दुसरी कोणतीही गोष्ट नसते. गोष्ट होऊन गेली, आपण परत आलो, एवढेच सुचवावयाचे असते. फ्रेंचमध्ये येथे पूर्वभूत चालत नाही. तेथे संयुक्त भूतच हवा : 'इयॅर स्वार, झ स्वी-झाले आ ला रेयुनियों'. पूर्वभूत वापरला, तर ऐकणारा 'कशाच्या आधी?' म्हणून पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो. जेथे दुसरी भूतकालीन गोष्ट खरोखरच सांगितलेली किंवा गृहीत असेल, तेथेच पूर्वभूत वापरावा.

'जर-तर'च्या वाक्यांतही आपली सवय आड येते. 'व्यवस्थापनाने नकार दिला असता, तर आम्ही संप केला असता' यात दोन्ही अंगांना 'असता' आहे. फ्रेंचमध्ये 'सी', म्हणजे 'जर', याच्या अंगाला पूर्वभूत लागतो आणि दुसऱ्या अंगाला संकेतार्थाचे भूत रूप लागते : 'सी ला दिरेक्सियों आव्हॅ र्फ्युझे, नू-झोरियों फॅ ग्रॅव्ह'. 'सी'च्या अंगाला संकेतार्थाचे रूप घालणे ही फ्रेंच शाळामास्तरांना सर्वांत झोंबणारी चूक आहे.

हेच संकेतार्थाचे रूप 'सी'वाचून, एकटे, वर्तमानपत्रात आले म्हणजे मात्र त्याचा अर्थ बदलतो. 'ल मिनिस्त्र ओरॅ सीन्ये' : मंत्र्यांनी सही केल्याचे समजते. येथे अट नाही. बातमी ऐकीव आहे, आम्ही तिची हमी घेत नाही, असे पत्र सांगत असते. याला 'मंत्र्यांनी सही केली' असे समजून कामावर परतणारा संपवाला फसेल. 'मंत्र्यांनी सही केली असती' असे समजणाराही फसेल.

'एत्र' की 'आव्ह्वार', आणि कृदंताचे लिंगवचन

संयुक्त भूतात बहुतेक क्रियापदे 'आव्ह्वार' घेतात. जाणे, येणे, पोचणे, निघणे, आत येणे, बाहेर पडणे, चढणे, उतरणे, पडणे, राहणे, जन्मणे, मरणे अशी थोडी क्रियापदे, आणि सर्व आत्मवाचक क्रियापदे, 'एत्र' घेतात. जाण्यायेण्याची अकर्मक क्रियापदे एवढेच म्हणून भागत नाही. चालणे आणि धावणे ही क्रियापदे 'आव्ह्वार'च घेतात. तेव्हा ही यादी पाठच करावी. मात्र यादीतील काही क्रियापदांना कर्म मिळाले, की तीही 'आव्ह्वार'कडे वळतात. 'ईलॅ मोंते' म्हणजे तो चढला. 'ईला मोंते ले कॅस' म्हणजे त्याने पेट्या वर चढविल्या. गोदीतला कोणीही माणूस हा फरक ओळखील. मराठी येथे 'चढणे'चे 'चढविणे' करते, फ्रेंच साहाय्यक क्रियापद बदलते.

'एत्र' असेल तर कृदंत कर्त्याप्रमाणे बदलते : 'ईलॅ मोर', तो वारला, 'एलॅ मोर्त', ती वारली. 'आव्ह्वार' असेल तर कृदंत कर्त्याकडे पाहतच नाही. ते कर्माकडे पाहते, आणि तेही कर्म आधी आले असेल तरच. 'झे एक्री ला लेत्र', मी चिठ्ठी लिहिली. येथे चिठ्ठी नंतर आली, म्हणून 'एक्री'. 'ला लेत्र क झे एक्रीत', मी जी चिठ्ठी लिहिली ती. येथे चिठ्ठी आधी आली, म्हणून स्त्रीलिंगी 'एक्रीत'. 'आम्ही निर्णय घेतला' हे 'नू-झाव्हों प्री ला देसीझियों', पण 'आम्ही जो निर्णय घेतला' हे 'ला देसीझियों क नू-झाव्हों प्रीझ', कारण फ्रेंचमध्ये निर्णय स्त्रीलिंगी आहे. पुष्कळ क्रियापदांत हा फरक ऐकू येत नाही, फक्त लिहावा लागतो. म्हणून खुद्द फ्रेंच मुलांनाही तो छळतो.

ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांनी आपल्याच घरात पाहावे. 'त्याने लेख लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिले' यात आपले क्रियापद कर्त्याला विचारीत नाही, कर्मामागे जाते. आणि 'तो गेला, ती गेली' यात कर्त्यामागे जाते. आपण याला कर्मणी व कर्तरी प्रयोग म्हणतो. दोन्ही भाषांत हे घडण्याचे कारणही सारखे आहे. दोघींनी आपला जुना भूतकाळ मागे टाकून कृदंतावर नवा उभारला. लॅटिनमध्ये 'माझ्यापाशी लिहिलेली पत्रे आहेत' अशी जी रचना होती, तिच्यातून फ्रेंच संयुक्त भूत निघाला. संस्कृतातील 'मया पत्रं लिखितम्' या रचनेतून प्राकृतांच्या मार्गे आपले 'म्यां पत्र लिहिले' आले. लिहिलेली वस्तू हेच जिचे केंद्र, त्या रचनेत कृदंताने वस्तूचे लिंग घ्यावे हे स्वाभाविकच होते. मराठीच्या घडणीचा हा इतिहास झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने फ्रेंच भाषेत लिहिला आणि १९२० साली तो प्रसिद्ध झाला, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये.

'आधी आले तरच' ही अट मात्र फ्रेंचची स्वतःची. १५३८ साली क्लेमाँ मारो या कवीने इटालियन भाषेचा दाखला देऊन ती आपल्या शिष्यांना पद्यात सांगितली. पुढे व्याकरणकारांनी तिला कायद्याचे रूप दिले. १९०१ व १९७६ साली शिक्षणखात्याने परीक्षेत यासंबंधीच्या काही चुका माफ कराव्यात असे हुकूम काढले. २०१८ साली बेल्जियममधील दोन माजी शिक्षकांनी 'आव्ह्वार'सोबतचे कृदंत बदलूच नये असे जाहीरपणे सुचविले, तेव्हा पॅरिसच्या पत्रांतून मोठा वाद झाला. नियम अजून कायम आहे. अर्ज लिहिणाऱ्याची पारख या एका अक्षरावरून केली जाते, म्हणून गरिबाच्या मुलाने तो नीट शिकावा असेच आम्ही म्हणू.

ग्रांथिक भूत

१६६० साली पोर-रॉयाल येथील आर्नो व लाँस्लो यांनी प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात, गोष्ट निदान एक दिवस मागची असेल तरच ग्रांथिक भूत वापरावा, असा नियम आहे. आज तो नियम लागू नाही. नित्याच्या बोलण्यातून ग्रांथिक भूत जवळजवळ गेला आणि त्याची जागा संयुक्त भूताने घेतली. तो राहिला आहे कादंबरीत, इतिहासात आणि मुलांच्या गोष्टींत. एमिल बांव्हनिस्त यांनी १९५९ साली याची उपपत्ती मांडली, ती आम्हांला पटते. ग्रांथिक भूतात सांगितलेली घटना बोलणाऱ्यापासून तुटलेली असते. जणू ती स्वतःच स्वतःला सांगत आहे. संयुक्त भूतात 'मी' आणि 'तुम्ही' हजर असतात आणि घटनेचा धागा आजपर्यंत पोचतो. इतिहासकार 'ला कोम्यून द्युरा स्वासाँत-दूझ झूर' असे लिहील. सभेतला वक्ता 'आ द्युरे' म्हणेल. आल्बेर काम्यू यांनी १९४२ साली 'लेत्राँझे' ही कादंबरी मुख्यतः संयुक्त भूतात लिहिली. कादंबरीला हा काळ अनपेक्षित होता, आणि १९४३ साली सार्त्र यांनी तिच्यावर लिहिताना त्याची मुद्दाम चर्चा केली.

शिकणाऱ्याने ग्रांथिक भूत ओळखावयास शिकावे, बोलू नये. त्याची 'तो' आणि 'ते' यांची रूपे ओळखता आली की वाचन अडत नाही : 'ईल सीन्या', त्याने सही केली, 'ईल सीन्यॅर', त्यांनी सही केली. 'फ्यू' म्हणजे झाला, 'यू' म्हणजे त्याच्यापाशी आले, 'फी' म्हणजे त्याने केले, 'व्हँ' म्हणजे तो आला. ही चार आखूड रूपे मात्र निराळी टिपून ठेवावीत, कारण त्यांवरून मूळ क्रियापद ओळखू येत नाही.

'द्प्वी'चा हिशोब

शेवटचा मुद्दा 'द्प्वी' या शब्दाचा, म्हणजे 'पासून'चा. इंग्रजीच्या वाटेने जाणारा येथे हटकून संयुक्त भूत घालतो. फ्रेंच म्हणते, 'नू त्राव्हायों ईसी द्प्वी दी-झाँ', आम्ही येथे दहा वर्षांपासून काम करतो. क्रिया अजून चालू आहे, म्हणून वर्तमानकाळ, मराठीतही तसेच. हेच मागे ढकलले, की अपूर्ण भूत येतो : कारखाना बंद झाला तेव्हा आम्ही दहा वर्षांपासून काम करीत होतो. नोकरी सलग होती की मध्येच तुटली, हा प्रश्न जेथे ग्रॅच्युइटीशी जोडलेला असतो, तेथे हा काळ अचूक असावा लागतो.

ज्यांना प्रत्यक्ष अभ्यास करावयाचा आहे त्यांना आमची सूचना अशी. नियमांची वही करण्याआधी एखाद्या फ्रेंच वर्तमानपत्रातील संपाची किंवा अपघाताची छोटी बातमी घ्यावी. तिच्यातील प्रत्येक भूतकालीन क्रियापदाखाली रेघ ओढून समासात त्याचे मराठी रूप लिहावे : 'करीत होता', 'करीत असे', 'केले', 'केले होते', 'करायचे होते', 'केल्याचे समजते'. मग क्रियापदे आलटूनपालटून पाहावीत आणि कोणाची जबाबदारी कोठे सरकते ते तपासावे. दोघांनी मिळून केले तर अधिक चांगले. एकाने वाचावे आणि दुसऱ्याने 'चालू होते की झाले?' एवढेच विचारीत राहावे. महिना दोन महिने असा अभ्यास झाला म्हणजे फ्रेंच तर येऊ लागेलच, शिवाय आपल्या मराठी जबान्याही अधिक काटेकोर होतील.